बासच्या पाण्यावर किती रॉड लागतात?

२ जून १९३२ रोजी जॉर्जिया राज्यातल्या माँटगोमेरी लेक नावाच्या डोहात जॉर्ज पेरी या तरुण शेतकऱ्याच्या गळाला एक लार्जमाउथ बास लागला. त्याचे वजन भरले २२ पौंड ४ औंस, म्हणजे दहा किलोहून थोडे अधिक. पेरी आणि त्याच्या मित्राकडे त्या दिवशी दोघांत मिळून एकच रॉड होता आणि ते आळीपाळीने गळ टाकत होते, असे सांगतात. त्या वजनाची बरोबरी व्हायला ७७ वर्षे लागली. २ जुलै २००९ रोजी जपानच्या बिवा सरोवरात मानाबू कुरिता यांनी पकडलेला बास पेरीच्या माशापेक्षा जेमतेम औंसभर जड निघाला. या वजनगटात जुना विक्रम मोडायला किमान दोन औंसांचा फरक लागतो, म्हणून आंतरराष्ट्रीय नोंदीत दोघे बरोबरीने उभे आहेत.

आता दुसरे टोक पाहा. अमेरिकेतल्या व्यावसायिक बास स्पर्धेत उतरलेल्या बोटीच्या पुढच्या फळीवर डझन-दीड डझन रॉड हारीने मांडलेले असतात आणि खालच्या कप्प्यात आणखी काही ठेवलेले असतात. मासा तोच, पाणीही पुष्कळदा तेच. मग नवख्या माणसाने यांतले कोणते टोक धरायचे? डॅलस, अटलांटा किंवा डेट्रॉइटच्या परिसरात राहणाऱ्या आणि मुलांबरोबर तळ्यावर जाऊ लागलेल्या मराठी कुटुंबांनाही दुकानातल्या शंभर रॉडच्या भिंतीसमोर हाच प्रश्न पडतो. त्याच्या उत्तरांचा हा आढावा. माझे मत आधीच सांगतो. दोन रॉड एकमेकांपासून जितके वेगळे काम करतील तितका संग्रह उपयोगी पडतो. या कसोटीवर पाहिले, तर चार रॉड बासच्या बहुतेक सगळ्या पाण्याला पुरतात.

मासा आणि त्याचे ठाव

बास हा सनफिश कुळातला, उत्तर अमेरिकेच्या गोड्या पाण्यातला शिकारी मासा. लार्जमाउथ, स्मॉलमाउथ आणि स्पॉटेड हे त्याचे तीन प्रकार हौशी मासेमारीत सर्वांत जास्त भेटतात. लार्जमाउथला आडोसा लागतो. बुडालेले झाड, पाणवनस्पतींचा थर, धक्क्याखालची सावली अशा जागी तो दबा धरून राहतो आणि जवळून जाणाऱ्या भक्ष्यावर झेपावतो. स्मॉलमाउथला थंड, स्वच्छ पाणी आणि खडकाळ तळ मानवतो. स्पॉटेड बास खोल जलाशयात, उघड्या पाण्यात फिरणाऱ्या लहान माशांच्या थव्यांमागे जातो.

या सवयींमुळे तळ्यागणिक गरज बदलते. अलाबामातला गंटर्सव्हिल जलाशय टेनेसी व्हॅली अथॉरिटीच्या धरणामुळे १९३९ साली तयार झाला. तिथे पाण्यातल्या गवताचे मैलोन्‌मैल पट्टे आहेत, आणि गवताच्या छतातून मासा ओढून काढायचा तर रॉड दणकटच हवा. फ्लोरिडातले ओकीचोबी सरोवर अवाढव्य पण उथळ, कडेने लव्हाळ्यांनी भरलेले. टेक्सासमधल्या लेक फोर्कमध्ये बुडालेल्या झाडांचे अख्खे रान पाण्याखाली आहे. याउलट अटलांटाजवळचे लेक लॅनियर खोल, नितळ आणि स्पॉटेड बासांनी भरलेले. तिथे बारीक दोरा आणि हलके आमिष चालते. मिशिगन आणि ओंटारिओच्या मधले लेक सेंट क्लेअर स्मॉलमाउथसाठी प्रसिद्ध आहे, आणि तिथे उघड्या वाऱ्यात लांब फेक लागते. अमुक रॉड सर्वोत्तम, असा सल्ला देणारा माणूस कोणत्या पाण्यावर मासे धरतो हे आधी विचारावे, ते यासाठी.

घड्याळजींनी घडवलेली रिळे

आज दुकानात दिसणाऱ्या रिळांच्या तीन घराण्यांपैकी दोघांच्या मुळाशी घड्याळजी आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला केंटकीतल्या पॅरिस गावच्या जॉर्ज स्नायडर या घड्याळजीने दात्यांच्या चाकांचे रीळ बनवले. मूठ एकदा फिरवली की दोऱ्याचे पिंप अनेकदा फिरे. पुढे फ्रँकफर्ट गावच्या मीक बंधूंनी आणि बेंजामिन मायलमने ते इतके सफाईदार केले की ‘केंटकी रीळ’ हीच ओळख झाली. आजचे बेटकास्टिंग रीळ त्याचेच वारस. याचे पिंप रॉडला आडवे बसते आणि फेकताना स्वतः फिरते. त्यामुळे अंगठ्याच्या दाबाने फेक हवी तिथे थांबवता येते आणि जाड दोराही सुखाने वापरता येतो. पण आमिष मंदावले आणि पिंप फिरतच राहिले, तर दोऱ्याचा मोठा गुंता होतो. तो टाळायला आज चुंबकाचे आणि केंद्रोत्सारी बलावर चालणारे ब्रेक असतात. काही महाग रिळांत इलेक्ट्रॉनिक ब्रेकही असतो.

दुसरे घराणे इंग्लंडचे. ब्रॅडफर्डच्या कापडधंद्यातल्या आल्फ्रेड होल्डन इलिंगवर्थने १९०५ साली स्थिर पिंपाच्या रिळाचे पेटंट घेतले. गिरणीतल्या बॉबिनवरून सूत सुटते तसा दोरा पिंपाच्या तोंडावरून सुटतो, पिंप जागचे हलत नाही. हेच आजचे स्पिनिंग रीळ. पिंपाला गती द्यायची नसल्याने तीन-चार ग्रॅमचे आमिषही दूर जाते. बेटकास्टिंगला जिथे अडचण येते, तिथे हे कामी येते.

तिसरे घराणे ओक्लाहोमातल्या तुल्साचे. आर. डी. हल हा टेक्सासमधला घड्याळे दुरुस्त करणारा माणूस. तेलविहिरींसाठी स्फोटके बनवणाऱ्या झीरो अवर बॉम्ब कंपनीकडे तो बंद टोपीच्या रिळाची कल्पना घेऊन गेला. १९४९ साली ते रीळ बाजारात आले आणि कंपनीच्या नावाच्या आद्याक्षरांवरून ‘झेबको’ हे नाव रुजले. बटण दाबा आणि फेका, इतके ते सोपे असते. लहान मुलाच्या हातात पहिल्यांदा द्यायला याहून चांगले रीळ नाही. बासच्या गंभीर संग्रहात मात्र त्याला फारशी जागा उरत नाही, कारण दोऱ्यावरचा ताबा आणि ड्रॅगची, म्हणजे ताण पडला की दोरा सोडणाऱ्या ब्रेकची, सफाई दोन्ही त्यात कमी पडतात.

रॉडचा प्रवास बांबू, पोलाद आणि काचतंतू असा झाला. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला फेनविक कंपनीने ग्रॅफाइटचे, म्हणजे कार्बनतंतूचे रॉड आणले आणि वजन एकदम उतरले. तळाशी खड्याला आमिष घासले तरी ती थरथर हाताला कळू लागली. काचतंतू त्यामुळे अडगळीत गेला नाही, हे महत्त्वाचे. त्याचे काम पुढे येते.

रॉड वाचायचा कसा

रॉडच्या मुठीच्या वर चार गोष्टी छापलेल्या असतात: लांबी, पॉवर, ॲक्शन आणि आमिषाच्या वजनाची मर्यादा. बासच्या रॉडची लांबी साधारण साडेसहा ते आठ फूट असते. लांब रॉड दूर फेकतो आणि हिसका देताना जास्त दोरा उचलतो. आखूड रॉड नेमक्या जागी टाकायला आणि शेंडा पाण्याकडे वळवून आमिष झटक्याने नाचवायला बरा. सात फूट हा मधला मुक्काम आहे आणि त्यात चूक फारशी होत नाही.

पॉवर म्हणजे रॉड वाकवायला किती बळ लागते ते. अल्ट्रालाइट, लाइट, मीडियम, हेवी आणि त्यांच्या अधल्यामधल्या पायऱ्या असतात. ॲक्शन म्हणजे तो कुठून वाकतो ते. फास्ट रॉड शेंड्याकडच्या भागात वाकतो, मॉडरेट रॉड मध्यापर्यंत वळतो. नवखे लोक या दोन्हींची गल्लत करतात. हेवी पण मॉडरेट असा रॉड असू शकतो, तसाच लाइट पण फास्टही असतो. सगळ्या कंपन्यांना बांधील असे एकच मोजमाप नाही. एकाचा मीडियम हेवी दुसऱ्याचा हेवी निघतो. म्हणून नावापेक्षा आमिषाच्या वजनाचा आकडा पाहावा. ७ ते २१ ग्रॅम असे लिहिले असेल, तर तो रॉड १० ते १५ ग्रॅमला सर्वांत छान चालतो आणि दोन्ही टोकांना कुरकुरतो.

रॉड निवडण्याची खरी किल्ली मात्र गळात आहे. आमिषाला एकच जाड गळ असेल, तर तो माशाच्या कठीण जबड्यात रुतवायला जोरदार हिसका लागतो, म्हणजे फास्ट आणि ताठ रॉड लागतो. मऊ प्लॅस्टिकच्या अळीत दडवलेला गळ किंवा जिग, म्हणजे जड डोके जडवलेला गळ, ही त्याची उदाहरणे. आमिषाला बारीक तारेचे तिहेरी गळ असतील, तर मासा धावताना स्वतःच टोचून घेतो. तिथे ताठ रॉडचा हिसका गळ उपसून काढतो. मॉडरेट रॉड वाकून ताण सोसतो आणि गळ जागेवर धरून ठेवतो. काचतंतूचा, किंवा काच आणि कार्बन मिसळलेला रॉड क्रँकबेटसाठी, म्हणजे रीळ फिरवताच बुडून थरथरत पोहणाऱ्या कठीण आमिषासाठी, आजही टिकून आहे, तो याच कारणाने.

रिळाचा वेग, दोऱ्याचा स्वभाव

रिळावरचा ७:१ सारखा आकडा सांगतो की मूठ एकदा फिरवल्यावर पिंप सात वेळा फिरते. नेहमीच्या आकाराच्या बेटकास्टिंग रिळात ५.५:१ ला एका फेऱ्यात साधारण ५८ सेंटिमीटर दोरा येतो, ८.५:१ ला ९० सेंटिमीटरच्या आसपास. खोल बुडणारे क्रँकबेट पाण्याला फार अडते, तिथे मंद रिळाचा जोर मनगटाचा ताण वाचवतो. अळी किंवा जिग वापरताना आमिष रॉडने हलवायचे असते. रिळाचे काम सैल दोरा झटपट गोळा करण्याचे, म्हणून तिथे वेगवान रीळ हवे. एकच बेटकास्टिंग रीळ घ्यायचे असेल तर सातच्या आसपासचे घ्यावे. वेगवान रीळ हळू फिरवता येते, मंद रीळ पळवताना मात्र हात थकतो.

दोऱ्याच्या तीन जाती आहेत. नायलॉन, म्हणजे आपल्या किनाऱ्यावरचा तंगूस, स्वस्त, लवचीक आणि सावकाश बुडणारा. पाण्याच्या पृष्ठभागावर चालणाऱ्या आमिषाला तो चांगला. फ्लुओरोकार्बनची घनता पाण्याच्या सुमारे पावणेदोनपट, म्हणून तो चटकन बुडतो. त्याचा अपवर्तनांक १.४२ आणि पाण्याचा १.३३, त्यामुळे तो पाण्यात इतरांपेक्षा कमी दिसतो. खडकाच्या घासण्यालाही तो बऱ्यापैकी दाद देत नाही. विणलेला दोरा पॉलिथिलिनच्या सूक्ष्म तंतूंचा. त्याच जाडीला कित्येक पट बळकट, जवळजवळ न ताणणारा आणि तरंगणारा. गवत कापत जायला तोच हवा. नितळ पाण्यात मात्र तो दिसतो, म्हणून पुढे दोन-तीन मीटर फ्लुओरोकार्बनचा तुकडा जोडतात.

रॉड, रीळ आणि दोरा ही एकच साखळी आहे. न ताणणारा दोरा आणि ताठ रॉड एकत्र आले की सगळा धक्का गळावर जातो. गवतात तेच हवे असते, उघड्या पाण्यातल्या तिहेरी गळाला तेच घातक ठरते. रॉड नवा घेणे शक्य नसेल, तर दोरा बदलून अर्धा फरक पाडता येतो. संग्रह वाढवण्याचा हा सर्वांत स्वस्त मार्ग आहे आणि तोच सर्वांत कमी वापरला जातो.

तीन मते

पहिले मत एका रॉडचे. सात फुटी, मीडियम हेवी, फास्ट असा बेटकास्टिंग रॉड घ्या आणि त्यावर सगळे करा. या मताच्या बाजूने बरेच बोलता येते. एकाच रॉडवर महिनोन्‌महिने हात बसला की फेक अचूक होते, तळ ‘वाचता’ येतो, आणि खर्च मर्यादेत राहतो. काठावरून चालत मासे धरणाऱ्याला एकच रॉड सोयीचाही पडतो. पण पाच ग्रॅमचे आमिष या रॉडने धड फेकले जात नाही. थंडीच्या दिवसांत, किंवा गर्दीने बिचकलेल्या माशांच्या तळ्यात, हलकी आमिषेच चालतात. तेव्हा हा माणूस रिकाम्या हाताने परततो.

दुसरे मत प्रत्येक तंत्राला वेगळ्या रॉडचे. हे मत स्पर्धांतून आले. रे स्कॉट या अलाबामातल्या विमा विक्रेत्याने जून १९६७ मध्ये आर्कान्सातल्या बीव्हर लेकवर मोठी स्पर्धा भरवली आणि तिथून आजच्या व्यावसायिक बास स्पर्धांची परंपरा सुरू झाली. स्पर्धेत वेळ मोजून मिळतो. आमिष बदलायला गाठ सोडून पुन्हा बांधण्यात जाणारी मिनिटे महाग पडतात, म्हणून प्रत्येक आमिष आपापल्या रॉडवर तयार ठेवतात. खास रॉडची गरज खोटी नव्हती, हे डी थॉमस या कॅलिफोर्नियाच्या खेळाडूने दाखवून दिले. आडोशाच्या अगदी जवळ जाऊन, लांब रॉडने झुलवत जड आमिष बिनआवाज पाण्यात सोडण्याचे ‘फ्लिपिंग’ तंत्र त्याने रुजवले. १९७५ साली बुल शोल्स जलाशयावरची स्पर्धा त्याने त्याच तंत्राने जिंकली. पुढे फेनविकने या कामासाठी साडेसात फुटी खास रॉड काढला. नवे काम आधी आले, रॉड मागून आला, हा क्रम इथे पाहण्यासारखा आहे. आज बाजारात हा क्रम पुष्कळदा उलटा होतो. रॉडवर तंत्राचे नाव आधी छापले जाते आणि घेणारा त्याला काम शोधत बसतो.

तिसरे मत तीन-चार रॉडचे. मला हेच पटते, पण एका अटीवर. बऱ्याच हौशी लोकांकडे चार रॉड असतात आणि त्यांतले तीन मीडियम हेवी, फास्ट, सात फुटीच असतात. दुकानात हात त्याच ओळखीच्या रॉडकडे जातो, सवलतीतही बहुधा तोच दिसतो. अशा संग्रहात संख्या असते, पण टोके उघडीच राहतात. हलके आमिष फेकता येत नाही, गवतातून मासा निघत नाही, क्रँकबेटवरचे मासे बोटीपाशी येऊन सुटतात.

चार रॉडचा पाया

पहिला रॉड स्पिनिंगचा असावा. लांबी सुमारे सात फूट, पॉवर मीडियम लाइट किंवा मीडियम, ॲक्शन फास्ट. त्यावर २५०० किंवा ३००० आकाराचे रीळ, १० पौंडी विणलेला दोरा आणि पुढे ६ ते ८ पौंडी फ्लुओरोकार्बन. याने साधारण ३ ते १२ ग्रॅमची सगळी आमिषे सांभाळली जातात. मधोमध गळ टोचलेली, हळूच थरथरत बुडणारी प्लॅस्टिकची अळी, तळाशी उभे राहणारे छोटे नेड रिग, आणि गळाखाली वजन बांधलेले ड्रॉप शॉट ही त्यांतली मुख्य. नवख्याने याच रॉडपासून सुरुवात करावी असे मी ठामपणे सांगेन. स्पिनिंग शिकायला एक दुपार पुरते, आणि मासे चावत नसलेल्या दिवसांत हाच रॉड हात देतो. खडकाळ, नितळ पाण्याजवळ राहणाऱ्याचा तर हा मुख्य रॉड होतो.

दुसरा सर्वकामी बेटकास्टिंग. सात फूट, मीडियम हेवी, फास्ट, सातच्या आसपासचे रीळ आणि १५ पौंडी फ्लुओरोकार्बन. गोळीसारखे शिसे पुढे लावून गळ अळीत दडवलेले टेक्सास रिग, जिग, चकचकत्या पात्याचे स्पिनरबेट, थरथरणारे चॅटरबेट ही सगळी एक गळाची आमिषे त्याची. वजन ७ ते २१ ग्रॅम. पहिल्या मताचा एकमेव रॉड तो हाच. त्याच्या दोन बाजूंच्या मोकळ्या जागा बाकीचे तिघे भरतात.

तिसरा तिहेरी गळांसाठी. सात फूट, मीडियम, मॉडरेट, जमल्यास काचतंतूमिश्रित. रीळ साडेपाच ते साडेसहाच्या मध्ये, दोरा १० ते १२ पौंडी फ्लुओरोकार्बन. उथळ आणि मध्यम खोलीची क्रँकबेट, पाते नसलेली थरथरणारी आमिषे यावर. पृष्ठभागावर चालणारी तिहेरी गळाची आमिषेही यावर चालतात, मात्र त्या दिवशी दोरा नायलॉनचा चढवावा. या रॉडवर एक सवय मोडावी लागते. मासा लागला की हिसका द्यायचा नाही. रीळ फिरवत राहायचे आणि रॉड बाजूला वळवायचा.

चौथा दणकट. सव्वासात ते साडेसात फूट, हेवी, फास्ट, साडेसात ते आठचे रीळ आणि ५० ते ६५ पौंडी विणलेला दोरा. गवताच्या थरावरून उड्या मारणारा पोकळ रबरी बेडूक, थर भेदून खाली जाणारे जड रिग आणि आडोशातले फ्लिपिंग ही त्याची कामे. इथे मासा लागला की पहिल्या दोन सेकंदांत त्याचे तोंड वर वळवावे लागते. खाली गेला तर तो गवतात स्वतःला गुंडाळून घेतो. गंटर्सव्हिल किंवा ओकीचोबीच्या परिसरात हा रॉड दुसऱ्या क्रमांकावर घ्यावा. लॅनियरवर तो शेवटी घेतला तरी चालेल.

चौघांची कामे ताडून पाहा. तीन ग्रॅमपासून तीस-चाळीस ग्रॅमपर्यंतची वजने, एकेरी आणि तिहेरी गळ, उघडे पाणी आणि दाट गवत, सगळे यात आले. तिन्ही बेटकास्टिंग रिळे शक्यतो एकाच बनावटीची आणि एकाच हाताची घ्यावीत. रॉड बदलला तरी अंगठ्याला आणि ब्रेकच्या खुंटीला तोच सराव राहतो.

पाचवा रॉड घेण्याआधी

नवा रॉड घेण्याआधी तीन प्रश्न विचारावेत. हातातल्या रॉडपैकी कोणताही हे आमिष नीट फेकतो का? त्याच्या गळाला हवा तसा हिसका देतो का? आणि हे तंत्र मी ज्या पाण्यावर जातो तिथे हंगामात वारंवार लागते का? पहिल्या दोनांना ‘नाही’ आणि तिसऱ्याला ‘हो’ असेल तर पाचवा रॉड योग्य. बहुतेकांसाठी तो जर्कबेटचा, म्हणजे झटक्यांनी नाचवायच्या आमिषाचा असतो. पावणेसात फुटांच्या आसपासचा, मीडियम, फास्ट रॉड शेंडा खाली ठेवून झटके देताना पाण्याला अडत नाही. खोल जलाशयावर जाणाऱ्यासाठी तो आठ फुटांकडे झुकणारा, खोल क्रँकबेटचा लांब रॉड असेल. मोठ्या, शंभर ग्रॅमच्या आसपासच्या स्विमबेटला, म्हणजे पोहत्या माशासारख्या आमिषाला, स्वतंत्र रॉड लागतोच, पण ते एका वेगळ्या ध्यासाचे काम आहे. पाण्यात एका वेळी किती रॉड टाकता येतात याचे नियमही राज्यागणिक वेगळे आहेत. कॅलिफोर्नियात दुसऱ्या रॉडसाठी वेगळी परवानगी काढावी लागते.

पैसे कुठे घालावेत? तळाशी आमिष खेळवायच्या रॉडवर, म्हणजे पहिल्या दोघांवर, थोडा जास्त खर्च सार्थकी लागतो, कारण तिथे हाताला कळणारी बारीक थरथर हीच माहिती असते. क्रँकबेटच्या आणि गवतातल्या रॉडवर काटकसर चालते. स्पिनिंग रिळाच्या ड्रॅगवर काटकसर करू नये, बारीक दोरा त्याच्याच भरवशावर असतो. आणि दोरा वेळेवर बदलावा. महाग रॉडवर दोन वर्षे उन्हात तापलेला नायलॉन असेल तर रॉडची किंमत वाया जाते.

हे रॉड कोकणात, मासा मात्र नको

महाराष्ट्रात लार्जमाउथ बासची मासेमारी नाही, पण ही साधने आपल्याकडे उपयोगी पडतात. गवताळ तलावातला मरळ पृष्ठभागावरच्या रबरी बेडकावर झेपावतो. त्याचे तोंड टणक आणि राहणे पाणवनस्पतींत, म्हणून चौथा रॉड त्याला जसाच्या तसा लागू पडतो. रायगडच्या खाड्यांतला जिताडा इंग्रजीत ‘एशियन सी बास’ म्हणून ओळखला जातो. तो अमेरिकी बासच्या कुळातला नाही, पण आडोशाशी दबा धरण्याची रीत तीच. त्याच्या कल्ल्यांची धार दोरा कापते, त्यामुळे पुढे ३० ते ४० पौंडी लीडर, म्हणजे जोडदोरा, हवा आणि स्पिनिंग रीळ ४००० आकाराचे. गोड्या पाण्यासाठी बनवलेले रीळ खाडीवर नेले तर घरी आल्याबरोबर गोड्या पाण्याने हलके धुऊन वाळवावे, नाहीतर मीठ बेअरिंग खाते.

साधने जरूर इकडे यावीत, बास मात्र येऊ नये. लार्जमाउथ हा जगातल्या सर्वांत घातक शंभर परक्या आक्रमक प्रजातींच्या यादीत आहे. जपानमध्ये तो १९२५ साली आशी सरोवरात सोडला गेला आणि पुढे देशभर पसरून त्याने स्थानिक माशांची कत्तल मांडली. आता तिथे त्याची वाहतूक आणि त्याला दुसऱ्या पाण्यात सोडणे कायद्याने बंद आहे. कुरितांचा विक्रमी मासा याच परक्या वंशाचा. आपल्या नद्यांत महसीर आणि मरळ आहेत, त्यांना हा पाहुणा परवडणार नाही.

खर्चाचे दुसरे टोक

अमेरिकेत १९५० साली डिंगेल-जॉन्सन कायदा झाला. त्यानुसार मासेमारीच्या साधनांवर उत्पादकाकडून १० टक्के अबकारी कर घेतला जातो, रॉडवर तो नगामागे १० डॉलरपर्यंतच. हा पैसा मासे आणि पाणी यांच्या जतनासाठी राज्यांना मिळतो. वाटप ४० टक्के राज्याच्या क्षेत्रफळावर आणि ६० टक्के परवानाधारक मच्छीमारांच्या संख्येवर ठरते. म्हणून परवाना काढताना खळखळ करू नये. आपल्या नावाची ती नोंद आपल्याच राज्याच्या तळ्यांकडे पैसा खेचते.

दुसरी जबाबदारी माशाची. रे स्कॉटने १९७२ पासून आपल्या स्पर्धांत मासा जिवंत परत सोडण्याचा आग्रह धरला आणि बासच्या दुनियेत ती रीत पक्की झाली. मासा जितका वेळ झुंजतो तितके त्याच्या स्नायूंत लॅक्टिक आम्ल साचते, आणि कोमट पाण्यात तो त्यातून सहज सावरत नाही. गवतात हलक्या रॉडने दहा मिनिटे खेळवलेला मासा पोहत गेलेला दिसला तरी वाचेलच असे नाही. कामाला योग्य तेवढा ताकदवान रॉड त्याला मिनिटभरात हाती आणतो, म्हणून चौथा रॉड मी चैन मानत नाही.

तेव्हा क्रम असा धरावा. गवताळ पाण्याजवळ राहत नसाल, तर या हंगामात स्पिनिंग आणि सर्वकामी बेटकास्टिंग असे दोनच रॉड घ्या आणि घराजवळचे एकच पाणी वर्षभर धरून ठेवा. कोणत्या दिवशी हात अडला, गवतात की तिहेरी गळावर, हे लिहून ठेवा. तिसरा आणि चौथा रॉड कोणत्या क्रमाने घ्यायचा ते ती वहीच सांगेल. चौथ्यानंतर उरलेले पैसे पेट्रोलवर, परवान्यावर आणि मुलांसाठी एका बंद टोपीच्या झेबकोवर खर्च करा. पाण्याकाठी जितका वेळ जाईल तितके हे चार रॉड जास्त कामे करू लागतील.